गप्प बसायला तूच शिकवलंस

गुनिला,

पहिल्याच शब्दाला अडले. तू की तुम्ही? इंग्रजीत आपलं सगळं एका 'यू'वर भागत आलं. मराठीत मात्र तुझ्या वयाच्या बाईला मी जन्मात कधी 'तू' म्हटलेलं नाही. तू एकदा म्हणाली होतीस की तुमच्या स्वीडनमध्ये आता सगळे सगळ्यांना एकेरीच बोलतात, शाळेतल्या शिक्षकांनासुद्धा. मी विचारलं होतं, "मग भांडण झालं की एकेरीवर येता कसे?" आमच्याकडे एकेरीवर येणं म्हणजे काय, हे तुला समजावून सांगावं लागलं. तू हसली नाहीस. खरोखर विचार करत बसलीस आणि म्हणालीस, "आम्ही भांडतच नाही. आम्ही दार लावून घेतो."

तर आज मी एकेरीवर येते आहे. तेही तुला वाचता येणार नाही अशा भाषेत, कारण तुझ्याशी इंग्रजीत मी कायम सभ्यच वागले आणि त्याचं काय झालं ते आपण दोघींनी पाहिलं.

तुझा आजार मला कुणी सांगितला, ठाऊक आहे? ड्राइव्हवेवरचा बर्फ काढणाऱ्या माणसाने. उन्हाळा संपत आला होता. तो हिवाळ्याचं ठरवायला दारात आला आणि तुझ्या घराकडे मान वळवून म्हणाला, "तिकडचं कॅन्सल झालं. ती म्हणते, हिवाळ्यात ती नसेल." मला वाटलं, तू लेकीकडे, एल्साकडे, स्वीडनला कायमची परत चाललीस. इतक्या वर्षांच्या शेजारणीला पत्ता नाही आणि बर्फवाल्याला सांगितलं! मी फुगले. आठवडाभर तुझ्याकडे फिरकले नाही. खिडकीतून तुझे दिवे बघायचे आणि आणखी फुगायचे. तू मरायला टेकली होतीस आणि मी फुगून बसले होते. याचा राग कुणावर काढू? तुझ्यावरच काढते. बर्फवाल्याआधी मला सांगायचं होतंस.

आपली ओळख गॅरेजमधली. माझा नवरा सुहास दिवसभर घरात कॉलवर असायचा, म्हणून सकाळचा रियाज मी गॅरेजमध्ये, बर्फाची फावडी आणि जुने टायर यांच्या मध्ये बसून करायची. एका सकाळी दार अर्धं वर होतं आणि तू त्याखालून वाकून आत आलीस. "हे कुठलं मशीन आहे, जे थांबतच नाही?" मी म्हटलं, तानपुरा. खरं तर फोनवरचं अॅप. तू उभ्यानेच ऐकत राहिलीस. मग मी चहा विचारला, तर तू तोंडाचा चंबू करून जोरात श्वास आत ओढलास. शुप्! मला वाटलं दमा. मी पळत जाऊन माझ्या लेकीचा इनहेलर घेऊन आले. तू शांतपणे म्हणालीस, "हे 'हो' होतं. आमच्या उत्तरेत थंडी फार. प्रत्येक 'हो'साठी कोण तोंड उघडणार?"

पुढे सुहास घरात तेच करायचा. "आमटी बरी झालीय का?" "शुप्!"

जिथे होकारसुद्धा बाहेर पडू न देता आत ओढून घेतात, तिथल्या बाईशी मी मैत्री केली. माझीही खोड तीच होती, म्हणून जमलं असावं.

तुझं मोठं काम कुठलं, कुठे कुठे वाजलं, ते लिहिणारे लिहितील. मला तुझं 'वेदबूद' आठवतं, कारण त्याने आमच्या महाराष्ट्र मंडळात हाहाकार उडवला होता. तू कार्ड दिलंस, सुहासने नाव वाचलं आणि व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकून मोकळा: 'आपल्या ट्रॉय गावच्या स्वीडिश संगीतकार बाईंची वेदांवर भव्य रचना! प्रत्येक मराठी माणसाला अभिमान!' त्याखाली हात जोडलेल्या चित्रांचा खच. आमच्या मंडळातले एक निवृत्त डॉक्टर काका तुला ग्रोसरीच्या दुकानात गाठून विचारते झाले, "पण मॅडम, नेमका कुठला वेद?" तू विचारात पडलीस आणि म्हणालीस, "बर्च, बहुतेक."

वेदबूद म्हणजे सरपणाची खोपी; तुमच्या भाषेत 'वेद' म्हणजे सरपण. तुझ्या आजोबांची. त्यात बर्चच्या फोडलेल्या लाकडांची चळत, आणि थंडी वाढली की ती लाकडं आपोआप कशी वाजायची, ते तू गाणाऱ्यांकडून आणि चार लाकडी ठोकळ्यांकडून करून घेतलं होतंस. तू मला ते समजावून सांगितलंस तेव्हा तुझ्या हातात माझ्या स्वयंपाकघरातलं लाटणं होतं. टेबलावर ठोकून दाखवत होतीस. त्या दिवशी तू मला फार आवडली होतीस. हेही कधी सांगितलं नाही.

त्याच 'वेदबूद'च्या कार्यक्रमाला मी बाबांना घेऊन आले.

बाबा मिरजेहून तीन महिन्यांसाठी आले होते. मिरजेला ते बँकेत होते, पण त्यांची खरी नोकरी पहिल्या रांगेत बसण्याची. स्वतःला सूर लागायचा नाही. घरात गुणगुणले तरी आई म्हणायची, "अहो, दूध नासेल." पण त्यांच्यासारखं ऐकायचं कसं, ते मी दुसऱ्या कुणाकडे पाहिलेलं नाही. गाणारा समेवर येताना त्यांच्याकडे बघायचा. जागा आली की त्यांच्या तोंडून 'वा' जायचं, ते कधी ठरवून नाही, ठसका लागावा तसं.

चर्च गच्च भरलं होतं. मधेच एक मुलगी एकटी गायला लागली. तिचा स्वर वर गेला, आणखी वर, आणि तिथे, हवेत पाय अधांतरी असताना, तू तिला थांबवलंस. पुढे नुसती शांतता. तू ती शांतता किती मेहनतीने लिहिली होतीस ते मला नंतर कळलं. आणि त्या शांततेत बाबा म्हणाले, "वा! बाई, वा!"

सगळं चर्च मागे वळलं. ती मुलगी, तुला दिसलं नसेल, किंचित हसली. रेकॉर्डिंग चालू होतं.

पार्किंग लॉटमध्ये तू आलीस ती पांढरीफटक पडूनच. आवाज चढवला नाहीस. चढवला असतास तर बरं झालं असतं. म्हणालीस, "तुझ्या वडिलांनी माझ्या शांततेवर पाय दिला." बाबा शेजारी हात जोडून उभे होते, तुझं अभिनंदन करायला. "काय म्हणतायत बाई?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "थँक यू म्हणतायत." बाबा प्रसन्न हसले. तू त्या हसण्याकडे पाहिलंस आणि दार लावून घेतलंस. गाडीचं.

 घरी येताना बाबा मागच्या सीटवरून म्हणाले, "मी काही चुकलो का गं?"

"नाही हो, बाबा. इथे शेवटी टाळ्या वाजवायच्या असतात, एवढंच."

"शेवटपर्यंत कशाला थांबायचं? तोपर्यंत राहतं का ते?"

त्या मुक्कामात मी त्यांना आणखी एका कार्यक्रमाला नेलं. आमच्याकडचेच गायक, मंडळाचा हॉल, हवी तेवढी दाद द्यायची मुभा. बाबा दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसले होते, बाईंनी बजावलेल्या मुलासारखे. गाणाऱ्याने दोनदा त्यांच्याकडे पाहिलं. बाबांनी मान खाली घातली. पुढे ते अमेरिकेला आले नाहीत. गेले तेव्हा मी विमानात होते.

हे मी तुला कधीच सांगितलं नाही. आपण या विषयावर वर्षानुवर्षं भांडलो, पण ते लुटुपुटीचं. तुझ्या डेकवर, कॉफी पीत, जणू दोन देशांचा प्रश्न आहे.

"तुम्ही लोक मधे मधे बोलता."

"तुम्ही लोक मयताला आल्यासारखे बसता."

"आमच्याकडे शांतता हीच दाद."

"मग मयताला काय करता?"

"कॉफी पितो."

हसायला यायचं मला. हसायचेही. आणि आतून तुझ्यावर धुमसत राहायचे. तू मला तुझ्या प्रत्येक कार्यक्रमाला बोलवायचीस, तुझ्या घरी अर्धवट लिहिलेलं पियानोवर वाजवून दाखवायचीस. मी तुला हवी तशी ऐकायची. हलायचं नाही, मान डोलवायची नाही, मांडीवर बोटाने ताल धरायचा नाही, झाल्यावर पाण्यात दगड बुडून तरंग विरेपर्यंत थांबायचं. तू लोकांना ओळख करून द्यायचीस, "ही माधवी. मिशिगनमधली सर्वांत उत्तम श्रोता." लोक माझ्याकडे आदराने बघायचे.

तर ऐक. ती शिस्त नव्हती गं. तो सूड होता. बाबांच्या मांडीखाली दाबलेल्या हातांचा. तुझ्या चांगल्यातल्या चांगल्या जागेला, जिथे माझ्या घशाशी 'वा' येऊन थडकायचं, तिथे मी ते गिळायची आणि मनात म्हणायची, घे, हवी होती ना तुला शांतता? घे पोटभर. आणि तोंडाने म्हणायची, "व्हेरी नाइस, गुनिला." एवढी वर्षं मी तुला 'व्हेरी नाइस'वर ठेवलं. डाएटवर ठेवावं तसं.

मला वाटायचं, तुला ते कळतही नाही आणि त्याची गरजही नाही. आता वाटतं, तू उपाशी होतीस. तशी होतीस, तर मागायचं होतंस! मला एवढंच कळत नाही. इतक्या मोठमोठ्या वाद्यवृंदांना 'इथून पुन्हा' म्हणून थांबवणारी बाई, स्वतःसाठी 'कसं वाटलं?' हे दोन शब्द विचारू शकत नव्हती?

ती शेवटची दुपार. तोवर बर्फवाल्याच्या वाक्याचा खरा अर्थ मला लागला होता. तू बोलली नाहीस, मीही विचारलं नाही. माझा रुसवा गेला आणि मी वरणभात घेऊन आले, एवढंच. तुझ्या अंगावरचा स्वेटर दुसऱ्या कुणाचा वाटत होता. तू म्हणालीस, "एक नवं झालंय. बायकांचा कोरस आणि एक चेलो. नाव अजून नाही. पियानोवर जेवढं येईल तेवढं वाजवते." मी नेहमीच्या खुर्चीत बसले.

डाव्या हाताने तू दोनच स्वर धरलेस. चेलोच्या मोकळ्या तारा, ज्या पूर्ण वेळ वाजत राहणार होत्या. थांबतच नाहीत असं मशीन. ते माझं गॅरेज होतं, गुनिला. फावडी, टायर, अर्धं वर केलेलं दार. त्यावर उजव्या हाताने तू जे करत होतीस त्यात एक ओळ अशी होती की ती तीव्र मध्यमावरून येते, आणि पुन्हा आली तेव्हा तू तिथे तीव्रऐवजी शुद्ध लावलास. एवढंच. घर तेच, फक्त आतलं माणूस उठून गेलेलं. मी डोळे मिटून घेतले होते, कारण उघडले असते तर धडगत नव्हती.

तू थांबलीस. हात उचललेस, आणि मांडीवर ठेवलेस. आणि वाट पाहिलीस. मला ते कळलं. डोळे मिटलेले असले तरी कळलं. शब्द माझ्या दातांपर्यंत आला होता. आणि त्याच वेळी ते दाबलेले हात आठवले. मी गिळलं. सवयीने की जाणून, हे मी स्वतःला रोज विचारते आणि रोज वेगळं उत्तर येतं.

"सो," तू म्हणालीस.

"व्हेरी नाइस, गुनिला."

"येस. व्हेरी नाइस." तू पियानोचं झाकण लावलंस आणि म्हणालीस, "अंगणातले टोमॅटो घेऊन जा. वाया जातील." मी पिशवी भरून टोमॅटो नेले आणि त्यांचं सार केलं. छान झालं होतं. सुहासने 'शुप्' केलं.

तू गेल्यावर एल्सा आली. अंत्यविधीनंतर कॉफी दिली, तू सांगितलं होतंस तसंच. लोक गेल्यावर ती माझ्याशेजारी बसली आणि म्हणाली, "मम्माने एक काम परत घेतलं होतं. कोरसच्या कंडक्टरला फोन करून सांगितलं, ते करू नका, ते जमलेलं नाही. मी कारण विचारलं, तर म्हणाली, 'माधवीसुद्धा गप्प बसली.'"

माधवीसुद्धा!

हे 'सुद्धा' काय म्हणून? शांतता हीच दाद ना? मग तुला पुरेपूर मिळाली होती की! स्वतः नियम केलास, मला शिकवलास, माझ्या म्हाताऱ्या बापावर चालवलास, आणि तोच तुला लागू झाल्यावर दार लावून घेतलंस? पियानोचं, कामाचं, सगळ्याचं? आणि कुणाच्या जिवावर? शेजारणीच्या मिटलेल्या डोळ्यांच्या? आयुष्यभर तू लोकांचं ऐकलं नाहीस, समीक्षकांना हिंग लावून विचारलं नाहीस, आणि शेवटी माझं ऐकलंस, तेही मी न बोललेलं! मी त्या कॉफीच्या कपावर इतकी चिडले की एल्साला वाटलं, मी तिच्यावर रागावले. बिचारी 'सॉरी' म्हणाली.

मग तिने विचारलं, "तुझ्याशिवाय ते कुणीच पूर्ण ऐकलेलं नाही. कंडक्टर म्हणतो, सगळं लिहून तयार आहे. तूच सांग, करायचं की नाही?"

तुझ्या स्वयंपाकघरात बसून मी तिला सगळं सांगितलं. चर्च, पार्किंग लॉट, बाबांचे हात, माझं 'व्हेरी नाइस'. माझ्या नवऱ्यालाही एवढं सरळ कधी सांगितलं नव्हतं. एल्साने शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे मम्माचं चुकलं होतं."

"आमचं दोघींचं. पण एल्सा, तिने नको म्हटलं होतं. स्पष्ट. ती तेव्हा शुद्धीत होती, तिचं काम होतं, तिला नको म्हणायचा हक्क होता. मी 'करा' म्हणते आहे ते तिच्या शब्दाविरुद्ध. हे तुला कळायला हवं."

"तिच्या शब्दाविरुद्ध वागायची मला सवय आहे," एल्सा म्हणाली. "म्हणून तर मी तिकडे राहते."

तर करताहेत. तुझी इच्छा मी मोडली आहे, आणि चुकून नाही. कुणी म्हणेल मेलेल्या माणसाचा मान राखला नाही. नाही राखला. तुझा मान राखण्यातच आपली इतकी वर्षं गेली.

परवा तालमीला गेले. चर्चच्या तळघरातला हॉल, घडीच्या खुर्च्या, कोट न काढताच बसलेल्या बायका, कारण हीटर नुकताच सुरू केला होता. बाहेर वर्षातला पहिला बर्फ. मी मागे बसले. नेहमीप्रमाणे हात मांडीवर.

त्या ओळीपाशी कंडक्टरने थांबवलं. कागदावर वाकून म्हणाला, "आधी इथे शार्प आहे, आता नाही. बहुतेक राहून गेलंय. शेवटी शेवटी औषधं फार होती तिला. शार्प करून घ्या." तुझ्या शुद्ध मध्यमाचा तीव्र करायला बायकांनी पेन्सिली काढल्या.

मी उठून उभी राहिले. खुर्ची मागे आपटली. एवढ्या वर्षांत तालमीच्या मधे बोलायची माझी पहिली वेळ. "नाही," मी म्हटलं. "राहून गेलेलं नाही. तिने असंच वाजवलं होतं."

सगळ्या मागे वळल्या.

"नक्की?" त्याने विचारलं. तुसडेपणाने नाही, त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं. "आठवतंय तुला?"

मी गाऊन दाखवलं. गॅरेजबाहेर मी कुणासमोर गात नाही, तुला माहीत आहे. पट्टी चुकली होती, त्यांच्यापेक्षा बरीच खाली लागली. आधी तीव्र घेऊन आणि मग शुद्ध. चेलोवाल्या मुलीने माझा स्वर शोधून काढला, खाली ते दोन स्वर धरले, आणि मला पुन्हा गायला सांगितलं. मी पुन्हा गायले. दुसऱ्या रांगेतली एक बाई स्वतःशीच म्हणाली, "ओह." कंडक्टरने मान हलवली आणि पेन्सिली खाली ठेवायला सांगितलं.

ती जागा भयंकर आहे, गुनिला. तुझ्या आयुष्यातली सर्वांत चांगली. मला ती त्या दुपारीच कळली होती, पहिल्या ऐकण्यात, पूर्ण.

आणि दुसरा भाग लांबला आहे. बराच. चेलो एकटा उरतो तिथून पुढे तू तेच तेच सांगतेस. हेही मला त्याच दुपारी सांगायचं होतं, आधी जे सांगायचं ते सांगून झाल्यावर, लगेच. आपण खरंखुरं भांडलो असतो, पहिल्यांदा. तू एक स्वरसुद्धा कमी केला नसतास. कंडक्टरलाही तो भाग लांब वाटतो, काल त्याने फोन करून विचारलं, थोडा कापू का म्हणून.

मी कापू दिलेला नाही.

माधवी